व्होल्टेज स्थिर केलं

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे पुढं मी दुकानात जाऊन जो तमाशा केला, त्याचं कुणाला नवल वाटायला नको. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात तापणाऱ्या दोनच वस्तू होत्या, एक मी आणि एक माझा कॉम्प्युटर. बाबा तेवढे थंड होते. निदान मला तसं वाटत होतं.

घर चंद्रपूरला, तुकुमात. बाबा वीज केंद्रातून रिटायर झाले तेव्हा ऊर्जानगरचं क्वार्टर सोडून आम्ही इथं आलो. गच्चीवर गेलं की केंद्राच्या चिमण्या दिसतात, आणि बाबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या मोजून येतात, जशी काही एखादी कुणी उचलून नेणार आहे. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी कंट्रोल रूममध्ये काढली. समोर भिंतभर मीटर, आणि दर तासाला त्यांचे आकडे लॉगबुकात लिहायचे. शेवटचा रकाना शेऱ्याचा. आणि एक नियम, जो आमच्या घरात सगळ्यांना पाठ होता: रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, येऊन 'चार्ज घेतला' अशी सही करत नाही तोवर खुर्ची सोडायची नाही. रिलीव्हरची बस चुकली की बाबा सोळा-सोळा तास तिथंच. आई ताट झाकून ठेवायची आणि म्हणायची, "हा माणूस मीटरायले सोडून घरी येईन तर शपथ."

आई जाऊन आता दोन वर्षं झाली, त्या उन्हाळ्याच्या जरा आधी गेली. तेव्हा मी पुण्याहून पंधरा दिवसांसाठी म्हणून आले आणि राहूनच गेले. मी जंगलाचे नकाशे करते. ड्रोननं वरून काढलेले हजारो फोटो येतात, एकेक फोटो म्हणजे जंगलाचा एकेक तुकडा, आणि कॉम्प्युटर ते तुकडे गोधडीसारखे एकमेकांना शिवत जातो. फोटो गडचिरोलीचे, हेमलकशाच्या पुढच्या गावांचे. गावकऱ्यांना आपलं जंगल कुठून कुठपर्यंत हे दाखवायला तो नकाशा लागतो. काम पुण्याच्या एका संस्थेचं. तिथल्या बाईंनी मला घरून काम करायला परवानगी दिली, पण एका अटीवर: पावसाळ्याच्या आत पहिला मोठा नकाशा पूर्ण व्हायला हवा. मशीनला झेपत नसेल तर पुण्याला परत यायचं, तिथं मोठ्या मशीनवर बसायचं.

परत जायचं म्हणजे बाबा एकटे. ते कधी बोलले नाहीत, मीही नाही. पण कॉम्प्युटर बनवून घ्यायला मी गोल बाजारातल्या दुकानात गेले, तेव्हा न सांगता बूट घालून सोबत निघाले. दुकानवाले भाऊ एकेक भाग जोडत होते आणि बाबा त्यांच्या खांद्यावरून डोकावत होते. हे काय, ते कायले, इथं करंट किती. मला लाज वाटली. "बाबा, त्यांना काम करू द्या ना," म्हटलं. भाऊ मात्र सांगत राहिले. बाबांनी खिशातून छोटी वही काढून काहीतरी लिहूनही घेतलं.

त्या दुपारींची आठवण अजून स्वप्नासारखी येते. पडदे ओढलेले, कूलरच्या वाळ्याचा ओला वास, बाहेर पांढरं ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जंगल हळूहळू उगवायचं. आधी नुसते ठिपके, मग ठिपक्यांची झाडं, मग झाडांची सावली. कुठं मोहाचं झाड, कुठं वाळलेल्या नाल्याची पांढरी रेघ. मला डुलकी लागायची आणि मी त्या नाल्यातून अनवाणी चालायची. जाग यायची तर जंगल आणखी थोडं वाढलेलं असायचं. बाबा शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसलेले. दुपारी झोपणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

एकदा पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा रस्ता एटापल्लीकडून येते ना? आमच्या वरातीची गाडी इथीच बंद पडली होती. तुह्या मायनं पळसाच्या पानावर सगळ्यायले पोहे वाढले." आईचं माहेर तिकडचं. आता त्या बाजूनं सूरजागडच्या खनिजाचे ट्रक धावतात, पण फोटोत त्या दिवशी रस्ता रिकामा होता. आम्ही दोघं बराच वेळ त्या रिकाम्या रस्त्याकडं पाहत बसलो.

उन्हाळा म्हणून मी पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी उघडी ठेवायची. प्रोसेसर, म्हणजे मशीनचं डोकं, किती तापलं आणि त्याला किती व्होल्टेज मिळतंय ते तिथं दिसायचं. काम आलं की व्होल्टेज वर, काम संपलं की खाली. बाबांना जंगलापेक्षा त्या खिडकीचं वेड जास्त.

"काऊन वं, हे व्होल्टेज घसरून काऊन राह्यलं?" त्यांनी एकदा विचारलं.

मी फोनवर होते, पुण्याच्या बाईंना काहीतरी समजावत. "बाबा, मी कामात आहे ना! तसंच असतं ते!" असं खेकसले.

"बरं," म्हणाले. मला एका वाक्यात सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

त्यानंतर चार-सहा दिवसांतच मशीन बंद पडायला लागली. सकाळी दहाला शिवण सुरू करावी, दुपारी दोनच्या सुमाराला पंख्याचा आवाज चढत चढत शिट्टीसारखा व्हावा, आणि टप्प! पडदा काळा. निम्मं झालेलं जंगल गेलं, पुन्हा पहिल्या ठिपक्यापासून. पहिल्या वेळी मी कपाळावर हात मारला. दुसऱ्या वेळी कपाट लाथाडलं, अंगठा सुजला. तिसऱ्या वेळी रडले.

खिडकीत पाहिलं तर काही काम नसतानाही व्होल्टेज एक पॉइंट तीन आठ. मशीन नुसती बसलेली असताना ते एकच्याही खाली हवं. इथं खालीच येईना. झोपलेल्या माणसाची नाडी धावत सुटल्यासारखं. मी स्विचबोर्डाशेजारी भिंतीवर पेन्सिलीनं आकडा लिहून ठेवला आणि कामाला लागले.

आधी डबा उघडला. आमच्या चंद्रपुरात धूळ म्हणजे साधी धूळ नाही, कोळशाची काळी बुकटी. ब्रशनं झटकली तर हात असे झाले, जसे काही चुलीत घातले होते. प्रोसेसरवरचा गारव्यासाठीचा जुना लेप पुसून नवा लावला. मग विंडोजमध्ये मशीनला सदा जोरात पळवणारी सेटिंग असते, ती बदलली. मग वाटलं, आकडे मोजणारी ती खिडकीच मशीनला झोपू देत नसेल, तीही बंद करून पाहिली. पंखा नवा आणला. प्रत्येक वेळी बाबा बॅटरी धरून उभे. "इथी पाह्य. तिथी राह्यलं," एवढंच बोलायचे.

काही उपयोग झाला नाही. उलट चार दिवसांनी पाहिलं तर आकडा एक पॉइंट चार. पुढच्या आठवड्यात एक पॉइंट चार दोन. काय बाप्पा! हे आपोआप वाढतंय कसं? भिंतीवर तीन आकडे एकाखाली एक. मी त्यांच्याकडं बघत बसायची आणि उष्ण, जड गुंगी यायची. त्या गुंगीत जंगल शिवलं जायचं आणि उसवलं जायचं. नाल्यात पाय टाकला की नाला काळा व्हायचा.

मग बाईंचा फोन आला. पोळ्या लाटत होते म्हणून स्पीकरवर ठेवला. "अगं, किती दिवस थांबायचं? गावकरी विचारतायत. मशीन तिथे चालत नाहीये ना, मग पुढच्या सोमवारी इकडे ये बघू." मी एक आठवडा मागून घेतला. बाबा ओट्यापाशी कांदा चिरत होते. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी सुरी खाली ठेवली, डोळे पुसले, म्हणाले, "कांदा बम तिखट हाये." मला वाटलं, त्यांनी ऐकलं नाही. अशी मी बह्याड, खुळी.

दुसऱ्या दिवशी मी मशीनचा डबा स्कूटीवर पायांत ठेवला आणि गोल बाजारात गेले. बाबा भाजी आणायला गेले होते, त्यांची वाटही पाहिली नाही. दुकानवाले भाऊ बाप-आज्यापासून दुरुस्तीच्या धंद्यातले. आजा रेडिओ, बाप टीव्ही, हे कॉम्प्युटर. शांत माणूस. मी दारातूनच सुरू झाले. तुम्ही मला सडका बोर्ड दिला, व्होल्टेज आपोआप वाढतं, माझी नोकरी जायची वेळ आली, माझे वडील इथं एकटे पडतील तर तुम्ही येणार आहात का पाहायला? गिऱ्हाइकं उठून उभी राहिली. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं, पाण्याचा ग्लास पुढं केला.

"ताई, पहले बसा तर," म्हणाले.

त्यांनी मशीन जोडली. सुरू होता होताच एक कळ दाबून आतल्या निळ्या पडद्यात गेले. विंडोजच्याही आधीचा, मशीनच्या मुळाचा पडदा तो. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं तिथं जायचं. तिथं माझं काही काम नव्हतं, तर कोणाचंच नसेल असं मी धरून चालले होते. भाऊंनी बोट ठेवलं. व्होल्टेजच्या समोर 'ऑटो' असायला हवं होतं. तिथं आकडा होता. एक पॉइंट चार दोन शून्य.

"हे आपोआप नाई होत ताई. आत जाऊन कोनीतरी हातानं टाकलं. माझ्या दुकानातून ऑटोवरच गेलती, कसम से."

"कोण टाकणार? घरात मी आणि बाबा!"

भाऊंनी गिऱ्हाइकांकडं एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाले, "काकांनी त्या दिवशी विचारलतं मले, आत कसं जातेत म्हनून. वहीत लिहून घेतलं ना त्याईनं."

माझे कान तापले. भाऊंची माफी मागितली, तीही धड नाही, अर्धी पायऱ्या उतरताना. "ऑटो करून देऊ का?" त्यांनी मागून विचारलं. मी नको म्हटलं. हे मला घरी जाऊन विचारायचं होतं, पुरावा समोर ठेवून. सगळ्या रस्त्यानं मी भांडणाची वाक्यं जुळवत आले. महिनाभराची मेहनत तुम्ही मातीत घातली. मला न विचारता हात लावायचं कारण काय?

बाबा अजून आले नव्हते. त्यांची खुर्ची तशीच, कॉम्प्युटरच्या टेबलाला लागून. खुर्चीच्या मागं खिडकीच्या कट्ट्यावर वर्तमानपत्राखाली ती लांबट वही होती, जिच्यात बाबा घरखर्च लिहितात असं मला वाटायचं. मी ती उघडली.

लॉगबुक होतं. पट्टीनं रेघा मारलेल्या, रकाने पाडलेले. वेळ, व्होल्टेज, तापमान, शेरा. दर तासाला एक नोंद, मी मशीन आणली त्या दिवसापासून. अक्षर तेच, ऊर्जानगरच्या दिवसांतलं, उजवीकडं झुकलेलं. मी पानं उलटत गेले. एका ठिकाणी लाल पेनानं लिहिलं होतं: व्होल्टेज वारंवार घसरत आहे. पोरीस विचारले, ती कामात आहे. पुढच्या दिवशी: जास्तीत जास्त दिसलेल्या आकड्यावर व्होल्टेज स्थिर केलं. आठवड्यानं: मशीन बंद पडली. व्होल्टेज एक पायरी वाढवलं. आणि आणखी एकदा, त्याच्या पुढच्या आठवड्यात: पुन्हा बंद. आणखी एक पायरी वाढवलं.

मला सगळं कळलं. बाबांच्या जगात व्होल्टेज घसरलं की धोका. तिथं घसरलं की मागून वीज बनवणारा संच बंद पडतो, संच पडला की अख्खा जिल्हा अंधारात. म्हणून त्यांनी ते वर धरून ठेवलं, खिळा ठोकावा तसं. आणि मशीन त्या खिळ्यापायी तापून मरत होती. जितकी मरत होती तितका ते खिळा आणखी वर ठोकत होते.

तरी मी भांडले असते. पण मग मी शेऱ्याचा रकाना नीट पाहिला. लाल शेरे चारच होते. बाकी प्रत्येक तासाला, प्रत्येक ओळीत, पानामागून पान एकच शेरा होता.

मशीन चालू. पोरगी घरी.

मशीन चालू. पोरगी घरी.

मी त्यांच्याच खुर्चीत बसून रडले. हमसून, आवाज करून. माझे बाबा दुपारी झोपत नव्हते, कारण त्यांची ड्यूटी चालू होती. आई गेल्यापासून त्यांना सोडवायला दुसरं कोणी आलंच नव्हतं.

फाटक वाजलं. बाबा पिशवी घेऊन आत आले, माझ्या हातातली वही पाहिली आणि दारातच थांबले. चोरी पकडल्यासारखा चेहरा. "गलत केलं का मी?" त्यांनी विचारलं.

जुळवून आणलेलं एकही वाक्य मला आठवेना. त्यांना जवळ बसवलं आणि जे महिन्याआधी सांगायचं होतं ते सांगितलं. "बाबा, ते घसरत नव्हतं. काम नसलं की मशीन दम खाते. काम आलं की आपल्याआपण उठते."

"अन् उठली नाई तर?"

"उठते."

"व्होल्टेज पडलं ना वं, का मागून सगळंच पडते. मी पाह्यलं हाये."

"ते तुमच्याकडचं. हिचं असं नाही. तुम्हीच करा आता, मी हात नाही लावत."

त्यांनी हात धुतले, पुसले, चष्मा घातला. मशीन सुरू करताना बरोबर ती कळ दाबली. निळा पडदा आला. ऑटोवर आणायला त्यांना बराच वेळ लागला. मग आम्ही कोपऱ्यातली ती खिडकी उघडली. आकडा एक पॉइंट तीनवर होता. एकवर आला. मग शून्य पॉइंट आठ. बाबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "पडून राह्यलं, पडून राह्यलं," पुटपुटले. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. मशीन पडली नाही. पंखा इतका हळू झाला की बाहेर कावळा ओरडलेला ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी दहाला शिवण सुरू केली. आकडा चढला, एक पॉइंट एक, एक पॉइंट दोन, आणि तिथं डुलत राहिला. बाबा ताठ बसलेले. अकराची नोंद, बाराची नोंद, एकची नोंद. बाहेर ऊन पांढरं झालं, कूलर घुरघुरत होता. पडद्यावर नाला आला, नाल्याकाठचे मोह आले, आईच्या माहेरचा रस्ता आला. दोन वाजले. रोज मरायची वेळ. दोघंही पंख्याकडं कान लावून बसलो. दोन वाजून गेले. जंगल वाढतच होतं.

बाबांचे डोळे मिटत होते. मान पुढं जायची, झटकन मागं यायची.

"बाबा, पडा थोडं. मी बसते."

"नाई नाई. राहू दे."

मी वही ओढून घेतली, पेन त्यांच्या खिशातून काढलं आणि दोनच्या नोंदीखाली लिहिलं: चार्ज घेतला. सही केली. शेऱ्यात लिहिलं: मशीन चालू. पोरगी घरीच आहे.

त्यांनी ती ओळ वाचली. मग उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले. मी दारातून पाहिलं. आईच्या बाजूची जागा मोकळी सोडून, भिंतीकडं तोंड करून, बाबा दुपारचे झोपले होते. मी परत येऊन बसले. तुकडा तुकड्याला जोडला जात होता, आणि त्या पेंगुळल्या दुपारी मला वाटत होतं की वरातीची ती बंद पडलेली गाडी आता सुरू होईल, आई पदराला हात पुसत चढेल. त्या गाडीची वाट पाहत मी जागीच राहिले. झोपले नाही, ड्यूटी होती.

साडेपाचला नकाशा पूर्ण झाला. पुण्याला पाठवला. बाईंचा फोन आला तेव्हा बाबा उठून आले होते. मी मुद्दाम स्पीकर लावला. "छान झालाय गं. चालू दे तिकडूनच," त्या म्हणाल्या.

बाबा चहा ठेवायला वळले, मग परत आले, वही उचलली, चष्मा नाकावर घेऊन माझी ओळ पुन्हा वाचली. डोळे भरले होते, आवाज मात्र कंट्रोल रूमचा.

"चार्ज घेतला म्हन्ते, अन् वेळ कोन लिहीन?"

मी पेन घेतलं आणि रिकाम्या रकान्यात लिहिलं, दुपारी दोन वाजून वीस मिनिटं.